अंथरुणातला खापरखवल्या

अर्धी पडवी सारवून झाली होती. मंजुळाबाईचा उजवा हात मनगटापर्यंत शेणात होता आणि डाव्या हाताने ती घसरलेला पदर खांद्यावर घेत होती, तेवढ्यात ज्योतीराम अंगणात येऊन उभा राहिला. शेजारच्या यशोदाबाईचा हा एकुलता एक मुलगा, लग्नाला जेमतेम वर्ष झालेला. हातात पितळी तांब्या, तांब्यावर वाटी उपडी घातलेली, आणि वाटीवर अंगठा इतका दाबलेला की नख पांढरं पडलं होतं.

“काकी, आईनं बोलिवलंय,” तो म्हणाला. “इंद्रीच्या हातरुणात घावलंय.”

काय घावलं ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. पिंपरी गावात त्याचं नाव तोंडाने घ्यायची रीत नाही. जनावर म्हणायचं, लांबडं म्हणायचं. कुणाला डसलं तर पान लागलं म्हणायचं. मंजुळाबाईने हात बादलीत बुचकळला, लुगड्याला पुसला आणि ती तशीच त्याच्यामागे निघाली. शेणाच्या काल्याचं घमेलं पडवीतच राहिलं.

असल्या वेळी गावाने मंजुळाबाईलाच का बोलवावं, ते आधी सांगायला हवं.

ती ताथवड्याची लेक. बाराव्या वर्षी पिंपरीत दिली. पदरात तीन मुलं आली आणि तिन्ही वर्षाच्या आत देवाने परत नेली. त्यानंतर तिने देवाकडे काही मागायचं सोडलं. पूजा मात्र सोडली नाही. रविवारी भैरोबाला तेल, सोमवारी उपास, पंचमीला वारुळाला दूध आणि लाह्या. घरची सव्वा एकर जमीन होती, ती चौपन्न साली औषधाच्या सरकारी कारखान्यात गेली. मग तिचा नवरा भैरू त्याच रानात रोजाने पाया खणायला लागला आणि ती माती वाहायला. “नांगर धरायचो तितंच कुदळ धरतोय, दुसरं काय,” असं भैरू म्हणायचा. ऐकणारे हसायचे, तोही हसायचा. घरी आला की मात्र तो दाराशी पाय धुवायचा नाही. त्या रानाची माती पायाला तशीच ठेवून जेवायला बसायचा, आणि मंजुळाबाईने त्याला कधी टोकलं नाही.

पाया खोल जाऊ लागला तशी ओल्या मातीतून बारकी बारकी जनावरं निघू लागली. कुणी वीतभर, कुणी हातभर. माणसं ती फावड्याने ठेचायची आणि मातीबरोबर उचलून टाकायची. एका रविवारी पुण्याहून लक्ष्मणराव नावाचे कॉलेजातले मास्तर आले. खांद्याला पिशवी, पिशवीत काचेच्या बरण्या. ते खड्ड्याच्या काठाला बसून सगळ्यांना सांगत सुटले की यांना मारू नका, मला जिवंत हवेत. कुणी लक्ष दिलं नाही. मंजुळाबाईने दिलं, पण ते विद्येसाठी नव्हे. श्रावणात ज्याला दूध घालायचं त्या नागोबाचं गोत फावड्याने तोडायचं, हे तिच्या मनाला पटत नव्हतं. तिने एका मडक्यात ओली माती भरली आणि निघेल ते जनावर त्यात ठेवू लागली. पुढच्या रविवारी मास्तरांनी मडक्यात डोकावून पाहिलं आणि एकेक जनावर उचलून बरणीत ठेवायला घेतलं.

त्या जनावराला लक्ष्मणराव खापरखवल्या म्हणायचे. हा लोणावळ्या-खंडाळ्याच्या डोंगरातला रहिवासी, इथे पवनेच्या काळ्या मातीत कसा आला, डोंगरातलाच हा की वेगळ्या जातीचा, ते त्यांना ठरवायचं होतं. आणि ते म्हणे खवले मोजल्यावाचून ठरत नाही.

“मोजून कसं कळतंय?” तिने विचारलं.

“तुम्ही काठ बघून लुगडं इरकली की नारायणपेठी ते सांगता ना? तसंच.”

हे तिला पटलं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण काठ ओळखता येत होता. दर रविवारी मास्तर यायचे आणि ती शिकायची. बारक्या जनावरांतले तीन प्रकार त्यांनी तिला पक्के करून दिले. वाळा म्हणजे काळ्या दोऱ्यासारखा, तोंड कुठलं नि शेपूट कुठलं कळत नाही, मुंग्यांची अंडी खातो. खापरखवल्या गांडुळं खातो; तोंड निमुळतं, डोळा मोहरीएवढा, आणि शेपटी तिरकी कापल्यासारखी, टोकाला खापरीच्या तुकड्यासारखी खरबरीत, तिला नेहमी माती चिकटलेली. तिसरा पोवळा. त्याचं डोकं काळं, शेपटीला दोन काळी कडी, पोट शेंदरी. तेवढ्याला हात लावायचा नाही, त्यात विष आहे. खापरखवल्याच्या अंगावर मधोमध खवल्यांच्या ओळी किती ते ती तुरीच्या डाळीने मोजायची, एका ओळीला एक दाणा. तिचे सतरा आले की मास्तरांचेही सतरा येत. बरणीच्या चिठ्ठीवर ते गावाच्या नावाखाली तिचंही नाव लिहायचे आणि वाचून दाखवायचे. भैरू सगळ्यांना सांगत फिरायचा की माझ्या बायकूला सदऱ्याला किती बटनं तुटली ते दिसत न्हाई, पर लांबड्याची खवलं मोजता येत्यात.

तिच्या शब्दाला वजन आलं ते मालोजीमुळे. हा मराठवाड्यातून आलेला गडी, पहिलवानासारखा. एकदा खणताना एक खापरखवल्या त्याच्या बोटाला वेढा घालून बसला. मालोजी जागच्या जागी आडवा झाला, डोळे मिटले आणि गावाकडे बायकोला काय निरोप द्यायचा ते सांगू लागला. मंजुळाबाईने पाटी खाली ठेवली, वेढा सोडवला आणि जनावराची शेपटी त्याच्या तळहातावर घासली.

“खरबरीत लागतंय का? मग ऊठ. ह्ये गांडुळं खातंय. तू काय गांडूळ हायेस व्हय?”

आख्ख्या खड्ड्यात हशा पिकला. मालोजीला महिनाभर सगळे गांडूळ म्हणायचे. तेव्हापासून कुठेही काही निघालं की ते मंजुळाबाईकडे यायचं, कधी तांब्यात, कधी सुपाखाली, कधी काठीच्या टोकावर. ती सांगेल ते प्रमाण. खोटं कशाला लिहावं, तिलाही ते आवडू लागलं होतं. चाळीस वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आता विचारत होते.

तर ती ज्योतीरामच्या मागून यशोदाबाईच्या घरी पोचली.

घरात नव्या मातीचा वास होता. यशोदाबाईने त्या श्रावणात घराची जमीन नवी करायला काढली होती. माती आणली ती कारखान्याच्या खड्ड्यावरूनच, मंजुळाबाईनेच ती चांगली चिकट आहे म्हणून सांगितलं होतं. त्या कामासाठी यशोदाबाईने सुनेला, इंद्रायणीला, पंचमीला माहेरी पाठवलं नव्हतं. माहेर चाकणच्या अंगाला, म्हाळुंग्याला. न्यायला भाऊ आला होता तो एकटाच परत गेला. सासू-सुनेने चार दिवस बसून जमीन चोपली, आणि इंद्रायणी त्या नव्या जमिनीवरच घोंगडी टाकून निजत होती, भिंतीकडेला, जिथे पावसापासून वाचवायला गोवऱ्यांची रास रचलेली होती.

ती भिंतीला टेकून बसली होती. सतरा-अठरा वर्षांची पोर, बोलघेवडी, मंजुळाबाईची लाडकी. पहाटे पोटात कळ आली म्हणून ती उठली, आणि अंथरूण गुंडाळताना घोंगडीच्या घडीतून हे निघालं. डसल्याचं तिला आठवत नव्हतं. कोपराच्या वर डास चावल्यासारखे दोन ठिपके होते. यशोदाबाईने त्यावर हळद दाबली होती आणि दंडाला सुतळी बांधली होती. बाहेर रस्त्यावर ठेकेदाराचा ट्रक उभा होता. तो सिमेंट आणायला पुण्याला निघाला होता, आणि ज्योतीरामने हातापाया पडून ड्रायव्हरला थांबवलं होतं. इंजिन चालूच होतं.

“सांग, मंजुळे,” यशोदाबाई म्हणाली. “न्यायची का हिला पुन्याला?”

मंजुळाबाईने वाटी उचलली. आतलं जनावर तिने हातात घेतलं. दारातली माणसं मागे सरली. तिने पदराच्या ओल्या टोकाने त्याच्या अंगावरची माती पुसली. काळसर तपकिरी अंग, कडेने पिवळे ठिपके, निमुळतं तोंड. शेपटी पाहिली. तिथेच तिला कळलं होतं, पण एका जिवाचा प्रश्न होता म्हणून तिने मूठभर तुरीची डाळ मागितली आणि उंबऱ्याशी उजेडात बसून ती ओळी मोजू लागली. कुणी शिंकलं नाही की खोकलं नाही. सतरा दाणे झाले. तिने पुन्हा मोजले. सतराच.

मग ती उठली आणि जनावराची शेपटी यशोदाबाईच्या तळहाताला लावली. “बघ, खरबरीत हाय. ह्याच्यात इख न्हाई. पायाच्या मातीतनं आलंय, ऊब लागली म्हनून घोंगडीत शिरलं आसंल.”

यशोदाबाईने तिथल्या तिथे भैरोबाच्या दिशेने हात जोडले. ज्योतीराम धावत बाहेर गेला. ड्रायव्हर काहीतरी बोलून हसल्याचं घरात ऐकू आलं, मग गियर पडला आणि ट्रक गेला.

मंजुळाबाईने इंद्रायणीच्या दंडाची सुतळी सोडली. पोरीचे डोळे अर्धे मिटत होते.

“काकी, मला तुमी दोन-दोन दिसताय.”

“एक काकी पुरंना व्हय तुला?” मंजुळाबाई म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या. इंद्रायणीही हसली, पण तिचा ओठ एका बाजूने नीट वर गेला नाही. मंजुळाबाईने ते पाहिलं. भ्याली आहे, पोट रिकामं आहे, असं तिने सगळ्यांना सांगितलं, आणि आलं घालून चहा टाकायला लावला. खापरखवल्या परत तांब्यात ठेवला. रविवारी मास्तरांना द्यायला होईल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

इंद्रायणीला चहा गिळता येईना. पहिला घोट नाकातून परत आला. मग बोलणं गेंगाणं झालं, मग कळेनासं झालं. पापण्या बोटाने वर केल्या तरी खाली पडत. बाई-बाप्यांनी आपापल्या परीने केलं ते केलं. कुणी कडुनिंबाचा पाला चावायला दिला, तर तिला चावता येईना. ज्योतीराम दुसरी गाडी शोधत सगळं बांधकाम पालथं घालून आला. अखेर दोघातिघांनी तिला बाजेवर घातलं आणि धावत चिंचवड स्टेशन गाठलं. अकराची पुण्याकडची गाडी मिळेल या आशेने. मंजुळाबाई बाजेच्या कडेने चालत होती, तोंडाने नारायण नारायण चाललेलं. फलाटावर बाज टेकवली तेव्हा श्वास मोजावे लागत होते. पोर शेवटपर्यंत शुद्धीवर असावी, कारण मंजुळाबाईने हात हातात घेतला तेव्हा तिचं एक बोट हललं. गाडी यायच्या आधीच श्वास थांबला; पुण्याला न्यायला कुणी उरलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी गावकऱ्यांनी तांब्यातलं जनावर बाहेर काढलं, मारलं, रीतीप्रमाणे तोंडात तांब्याचा पैसा ठेवला आणि गोवऱ्यांवर जाळलं. मंजुळाबाई तिथे उभी होती. दुसऱ्या दिवसापासून खड्ड्यात निघालेलं प्रत्येक बारकं जनावर ठेचलं जाऊ लागलं, आणि सगळ्यांत पुढे असायचा मालोजी. “नशिबानं मला त्यानं नुसता वेढा घातला, डसला न्हाई,” असं तो सांगायचा. त्याला गांडूळ म्हणायचं आता कुणाच्या मनात येत नव्हतं.

पाचव्या दिवशी मंजुळाबाई भाकरी आणि पिठलं घेऊन यशोदाबाईकडे गेली. त्या घरी चूल पेटत नव्हती. इंद्रायणी जिथे निजायची तिथे जमिनीवर दिवा ठेवला होता, वारा लागू नये म्हणून वर पाटी झाकलेली. दहा दिवस तो विझू द्यायचा नाही, म्हणून यशोदाबाई त्याच्या शेजारीच घोंगडी टाकून असायची. मंजुळाबाईने मनाची तयारी केली होती की आज ही मला शिव्या देईल, दारातून परत पाठवील. तसं काही झालं नाही.

“तुजी काय चूक, मंजुळे,” यशोदाबाई म्हणाली. “त्या मास्तरानं तुला उलटं शिकवलं. शिकल्याल्या मानसाला आपल्या मातीतलं काय कळतंय? चूक माजी हाय. भाऊ दारात आला व्हता, मी पोरीला धाडली न्हाई. जिमीन काय, पंचमीनंतर केली आसती.”

मंजुळाबाईने भाकरीचं फडकं सोडलं, तिच्यापुढे ताट केलं, आणि मास्तरांच्या बाजूने एक अक्षर काढलं नाही. घरी येताना तिला हलकं वाटलं. मग, का हलकं वाटलं ते ध्यानात आलं, तेव्हा ती देवापुढे जाऊन बसली, पण हात जोडवेनात.

रविवारी लक्ष्मणराव आले. पडवीच्या कडेला टेकले आणि मडकं कुठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहू लागले. मंजुळाबाईने त्यांना उभ्याउभ्या सगळं सांगितलं. जनावर कसं निघालं, सतरा ओळी कशा भरल्या, शेपटी कशी लागली. तिला वाटलं होतं ते जनावराबद्दल विचारतील. त्यांनी पोरीबद्दल विचारलं. पापण्या मिटत होत्या का? गिळता येत होतं का? पोटात कळा होत्या का? डसलेल्या जागी सूज होती का?

“सूज न्हवती. पापन्या उगडंनात. मी तिला दोन-दोन दिसत व्हते.”

लक्ष्मणराव चष्मा काढून पुसू लागले.

“मण्यार होती ती, मंजुळाबाई. झोपेत डसते, दुखत नाही, सूज येत नाही. डसून गेली असणार. तो खापरखवल्या उगाच सापडला. तुम्ही त्याला बरोबर ओळखला होता.”

“बरोबर वळिकला व्हता,” ती म्हणाली. मण्यार तिला नवी नव्हती. काळ्या अंगावर पांढरी कडी, गावात शेंबड्या पोराला ठाऊक. “मग चुकलं कुटं?”

लक्ष्मणरावांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“मी डाळ मोजत बसले,” तीच पुढे म्हणाली. “पोर समोर बसली व्हती. मी तिच्याकडं बघितलंच न्हाई.”

लक्ष्मणरावांनी घाईघाईने सांगितलं की लोक मास्तरला बोल लावत असतील तर लावू देत; मी यशोदाबाईंना जाऊन सांगतो की शिकवण्यात माझीच चूक झाली, ती जातच विषारी निघाली. त्यांचं आयुष्य त्या खवल्यांत गेलं होतं, आणि ते तिच्यासाठी एवढं खोटं बोलायला निघाले होते. भैरू आतून बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं. मास्तर म्हणत्यात तेच बरं, असं तो हळू आवाजात म्हणाला. गावाची समजूत पडली आहे. पोर काही परत येत नाही. आता तू जाऊन खरं सांगितलंस तर ट्रक कुणी सोडायला लावला ते सगळ्यांना आठवेल, आणि या गावात आपल्याला जन्म काढायचा आहे. रान तर गेलंच, आता माणसंही जातील.

त्यात खोटं काही नव्हतं. मंजुळाबाई ऐकत होती. तिची नजर पडवीवर होती. सारवलेला अर्धा भाग वाळून फिकट झाला होता आणि जिथे तिची बोटं थांबली होती तिथे त्यांच्या ओळी तशाच उमटलेल्या होत्या. घमेल्यातला काला वाळून कडक झाला होता.

“मास्तर, ती गेली आसंल का हो त्या घरातनं?”

“कोण?”

“मन्यार.”

“पावसाळा आहे. उंदीर असतील, कोरडी जागा असेल, तर ती कशाला जाईल? घरात अडगळ आहे का काही?”

मंजुळाबाईच्या डोळ्यांपुढे ते घर उभं राहिलं. भिंतीकडेची गोवऱ्यांची रास, रासेला लागून पाटीखालचा दिवा, आणि दिव्याशेजारी यशोदाबाईची घोंगडी. सहा रात्री झाल्या होत्या. अजून चार रात्री ती तिथेच निजणार होती.

तिने कोपऱ्यातलं भैरूचं फावडं घेतलं, गुरांची लांब काठी घेतली. भैरू म्हणाला, अगं, काय सांगणार हायेस तिला? ती म्हणाली, “काय झालं त्येच.” मग लक्ष्मणरावांकडे वळून म्हणाली की तुम्हीही चला, मण्यार निघाली तर धरायला माणूस लागेल, बोलायचं ते मी बोलेन.

दिवस मावळायच्या आत यशोदाबाईच्या घरच्या गोवऱ्या उपसून काढायच्या होत्या.